पन्नास वावांखाली

“ते पोट आहे, तितो,” ती म्हणाली.

म्हणाली तीही अगदी बेतानं, बोटीच्या कठड्याशी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. पण तेओदोरो मागबानुआच्या, म्हणजे डोरोच्या, हातातली सुई जागच्या जागी थांबली. डाव्या हातात मासा होता, चांगला हातभर लांब, नारिंगी, पिवळ्याजर्द डोळ्यांचा. पन्नास वाव, म्हणजे तीनशे फूट खोलातून वर येता येता त्याचं अंग टम्म फुगलं होतं, डोळे खोबणीबाहेर आले होते आणि उघड्या तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलं होतं. त्या फुग्याला सुई टोचायची, फुस्स करून हवा सोडायची, मासा पाण्यात अलगद द्यायचा. तो शेपूट मारत खाली जातो, दिसेनासा होतो, वाचतो. डोरोनं हे वर्षानुवर्षं केलं होतं. ती माशाची हवेची पिशवी, असं त्यानं धरलं होतं आणि तसं त्यानं शंभर जणांना शिकवलंही होतं. “पोट?” त्यानं विचारलं. “हो, पोट. हवेची पिशवी आत असते, कण्याला लागून. ती फुटते, हवा सगळीकडे पसरते आणि पोटच उलटं होऊन तोंडातून बाहेर पडतं. पूर्वी सगळेच असं करायचे. तुम्ही काही एकटे नाही.” ती ऐलीन. मत्स्य खात्याकडून बोटीवर आली होती, काय धरलं आणि काय सोडलं ते लिहून घ्यायला. फिलिपिनो आईबापांची पोर, म्हणून कुणाही आपल्या म्हाताऱ्याला म्हणतात तसं त्यालाही काका म्हणत होती, तितो. वय असेल तिशीचं. डोरोला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिच्या बोलण्यात शहाणपणा मिरवण्याचा लवलेश नव्हता आणि तेच त्याच्या जिव्हारी लागलं.

“मग ते जगायचे की नाही?” त्यानं विचारलं. ऐलीननं माशाकडे पाहिलं. “थोडी हवा सुटते त्यानं. मासा खाली जातो. पण पोटाला भोक घेऊन जातो. काही जगलेही असतील, तितो. कोण बघायला गेलंय?”

कोण बघायला गेलंय. डोरो एकाहत्तर वर्षांचा होता. डेली सिटीतल्या धुक्यात, दोन खोल्यांच्या घरात एकटा राहायचा. सकाळी भात लावायचा, तोच रात्री अंड्याबरोबर परतून खायचा. टीव्ही चालू ठेवायचा तो केवळ घरात कुणी बोलत असावं म्हणून. टपालखात्याच्या वर्गवारीच्या हॉलमध्ये एकतीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची पत्रं योग्य खणात टाकली होती आणि त्यातलं एकही पत्र पुढे पोचलं की नाही हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं नसतंच ते. खणात पडलं की आपलं काम संपलं. ह्या गोष्टीचा त्याला आजवर कधी त्रास झाला नव्हता. आत्ता मात्र बोटीच्या कठड्याशी, हातातला मासा तोंड उघडमीट करत असताना, तो झाला. कारण आज संध्याकाळी त्याला एक उत्तर द्यायचं होतं आणि ते उत्तर दोन दिवस त्याच्याजवळ अगदी तयार होतं.

गुरुवारी लिगायाचा फोन आला होता. लिगाया त्याची मुलगी, एकुलती. सॅक्रामेंटोला इस्पितळात क्ष-किरणांच्या खोलीत काम करते. नवरा वसंतात सोडून गेला. तिची मुलगी टाला अकरा वर्षांची आहे, लिगायाच्या कामाच्या पाळ्या बदलत्या, पोर घरात एकटी पडते. सासू बेकर्सफील्डला असते, ती म्हणतेय की वर्षभर टालाला माझ्याकडे दे. रविवारी गाडी घेऊन येतेय. “पापा, तुम्ही मला रेनोला पाठवलं होतं,” लिगाया म्हणाली, “मी बाराची होते. ते बरं झालं असं वाटतं का तुम्हाला? खरं सांगा. मला ठरवायचंय.” डोरोची छाती भरून आली होती. प्रश्न काय आहे हे त्याच्या ध्यानातसुद्धा नीट आलं नाही. ती आपल्याला काहीतरी विचारतेय एवढंच कळलं. किती वर्षांत तिनं काही विचारलं नव्हतं! वाढदिवसाला फोन, नाताळला फोन, तब्येत कशी, बरी आहे, टाला कशी, बरी आहे. संपलं. म्हणून तो आनंद जरा पुरवून वापरावा तसं तो म्हणाला, “शनिवारी बोटीवरून आलो की सांगतो.” खरं तर तेव्हाच सांगता आलं असतं. पाठव, म्हणायचं होतं त्याला. तुझं काय वाईट झालं? शिकलीस, नोकरीला लागलीस, स्वतःच्या पायावर उभी आहेस.

आणि सकाळी बोटीवर ह्या उत्तराला जणू पुरावाच मिळाला होता. हाफ मून बेहून उजाडताना निघालेली बोट अडीच तास पश्चिमेला गेली. मग कप्तान डेलनं इंजिन मंद केलं आणि भोंग्यावरून त्याचा घोगरा आवाज आला. “मंडळी, ह्या खडकावर वीस वर्षांत कुणाचा गळ पडलेला नाही. वीस वर्षं बंदी होती, आज उठलीय. माझ्या बायकोनं मला वीस वर्षं असं एकटं सोडलं असतं ना, तर मीही गब्दुल झालो असतो!” त्यावर डोरोच्या शेजारचा म्हातारा फाम ओरडला, “आहेसच की गब्दुल! आणखी किती होणार?” सगळी बोट हसली. फाम व्हिएतनामी, सॅन होझेत केशकर्तनालय होतं त्याचं, आता मुलगा बघतो. पंचवीस वर्षं दोघं एकाच कठड्याला उभे राहत आले होते आणि एकमेकांच्या घरी मात्र कधी गेले नव्हते. गळाचं शिसं खाली सोडलं आणि ते तळाला टेकायच्या आधीच डोरोच्या गळाच्या काठीला हिसका बसला. मग सगळीकडे आरडाओरडाच. तांबडे, नारिंगी, काळपट, एका दोरीला दोन-दोन, तीन-तीन. लोक देवळात शिरल्यासारखे एकदम गप्प होत होते आणि मग पुन्हा ओरडत होते.

डोरोनं ह्या खडकाचे सगळे दिवस पाहिले होते. पहिल्यांदा आला तेव्हा गोणी भरून मासे न्यायचे लोक, शेजारपाजारी वाटून वाटून कंटाळायचे. मग दरवर्षी मासे बोट-दोन बोटं लहान होत गेले. सुरुवातीला कुणी मान्य करायचं नाही. सील खातात म्हणायचे, पाणी तापलंय म्हणायचे, चंद्र वाईट आहे म्हणायचे. मग शेवटच्या वर्षी बोटीवरच्या वीस माणसांना मिळून तीस मासे मिळाले, तेही तळहाताएवढे, आणि परतताना कुणी पत्तेसुद्धा खेळलं नाही. त्यानंतर खात्यानं खोल पट्टाच बंद केला. लोकांनी शिव्या घातल्या, डोरोनंही घातल्या. आणि आता बघा! कुणी काही केलं नाही, कुणी खायला घातलं नाही, औषधपाणी केलं नाही. फक्त सोडून दिलं आणि बंदीआड काळोखात हे सगळं पुन्हा उभं राहिलं. सकाळभर हे त्याच्या मनात गोड घोळत होतं. दूर ठेवलं म्हणून वाढले. संध्याकाळी लिगायाला हीच गोष्ट सांगायची, असंही त्यानं ठरवलं होतं. तिला मासे आवडायचे लहानपणी.

आवडायचे म्हणजे काय, ती रडायची त्यांच्यासाठी. नऊ वर्षांची असताना तो तिला बोटीवर घेऊन आला होता. त्याची बायको रेमेदिओस तेव्हा हयात होती, तिनं लिगायाला दोन स्वेटर घालून पाठवलं होतं. लहान मासा वर आला, फुगलेला, डोळे बाहेर आलेले, आणि लिगायानं असं भोकाड पसरलं की डेल इंजिनघरातून धावत आला. तेव्हा डोरोनं टोपीत खोचलेली सुई काढली. रेमेदिओसच्या शिवणाच्या डब्यातली, जाड, गोधडीची. फुग्याला टोचली, मासा पाण्यात धरला आणि तो गेला सुळकन. “गेला बघ घरी,” डोरो म्हणाला. लिगायानं डोळे पुसले आणि टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून बोटीवर त्याचं नाव डॉक्टर पडलं. ज्याला लहान मासा सोडायचा असेल तो आवाज द्यायचा, “डॉक्टर, पेशंट आलाय!” आणि डोरो आपली काठी ठेवून बोटीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, सुई हातात घेऊन, अगदी ऐटीत. टपालखात्यात त्याला कुणी नावानं ओळखत नव्हतं. इथं तो डॉक्टर होता. कित्येक दिवशी तर त्याला स्वतःला मासे मिळाले नाहीत तरी चालायचं.

किती असतील? बंदीआधीच्या त्या सगळ्या वर्षांत किती? त्यानं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. प्रत्येक वेळी पाण्यात वाकून पाहिलं होतं, नारिंगी ठिपका हिरव्यात विरघळेपर्यंत. आणि प्रत्येक वेळी बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आता कुठं ठेवायचं हे त्याला कळेना.

“तितो, द्या इकडे, वेळ नाही त्याच्याकडे,” ऐलीन म्हणाली. तिनं कठड्याला लटकवलेला एक चिमटा काढला, खाली चांगलं मोठं शिसं बांधलेला. माशाचा खालचा जबडा चिमट्यात धरला. “तुमच्याच काठीला लावूया. ह्याला आपण खाली पोचवायचं. आपलं आपण जा म्हणून नाही भागत, तो बुचासारखा वर येतो. खोलात गेला की पाण्याच्या दाबानं हवा आपोआप आवळली जाते, आणि चिमटाही उघडतो. पण सावकाश हं. अंगठा ठेवा रिळावर.” डोरोनं काठी घेतली. हे पिवळ्या डोळ्यांचे मासे ठेवायला अजून बंदीच होती, फार हळू वाढतात म्हणून. “हा तुमच्या वयाचा असेल,” ऐलीन म्हणाली, “शंभरीसुद्धा गाठतात.” मासा पाण्यात गेला, एकदा आडवा झाला, मग शिशानं त्याला ओढून घेतलं.

दोरा सुटत राहिला. दहा वाव. पंधरा. डोरोचा अंगठा ओला होऊन रिळावर घसरत होता. मासा दिसेनासा होऊन कितीतरी वेळ झाला होता. एरवी इथं त्याचं काम संपायचं. इथं तो सुई पुसून टोपीत खोचायचा आणि हसून मागं वळायचा. आता मात्र दोऱ्याच्या टोकाशी एक ओझं होतं आणि ते डोळ्यांआड होऊनही त्याच्या हातात होतं. वीस वाव. पंचवीस. मधेच काठीचं टोक थरथरलं. “मेला का?” त्यानं घाबरून विचारलं. “नाही हो, जागा होतोय. चालू द्या.” फाम आपला गळ वर घेऊन बघत उभा राहिला होता. “डॉक्टर, आज पेशंटला घरापर्यंत सोडायला निघालात वाटतं?” तो म्हणाला. डोरो दोऱ्याकडेच बघत राहिला.

रेनोची बस सकाळची होती. रेमेदिओसला जाऊन पाच महिने झाले होते. त्याची पाळी दुपारी दोन ते रात्री अकरा. शाळेतून आल्यावर लिगाया एकटीच असायची, भात जाळायची, दिवे सगळे लावून ठेवायची. त्याची थोरली बहीण क्लारिता रेनोला एका जुगारगृहाच्या स्वयंपाकघरात होती, तिला स्वतःची तीन पोरं. ती म्हणाली, तीनात चौथी, काय जड आहे? वर्षभर म्हणून पाठवलं आणि चार वर्षं झाली. बसस्टँडवर लिगाया रडली नाही. त्याला ते चांगलं लक्षण वाटलं. ती बसमध्ये चढली, तो खिडक्यांकडे बघत हात हलवत राहिला. काचांवर ऊन होतं, आतलं काही दिसत नव्हतं, काचेत त्याचाच हात हलत होता. ती पलीकडच्या बाजूला बसली असेल, हे त्याच्या मनात आलंही होतं. तरी तो हलवत राहिला, बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. मग त्याला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, खोटं कशाला बोला. सुटल्यासारखं वाटलं. पोर मार्गी लागली, असं तो त्या दिवशी कामावर दोघातिघांना म्हणालासुद्धा. मग दर रविवारी संध्याकाळी फोन. “कशी आहेस?” “बरी आहे.” “जेवलीस?” “हो.” तेवढं ऐकलं की आठवडाभराचं निभावायचं. वर्षातून एकदा नाताळला तो जायचा, सगळ्यांना भेटी घेऊन. लिगाया उंच होत चालली होती, कमी बोलत चालली होती. वयच तसं, क्लारिता म्हणायची. तोही म्हणायचा, वयच तसं.

बेचाळीस वाव. पंचेचाळीस. काठीच्या टोकाला एकदम दोन धक्के बसले, जोराचे, अगदी जिवंत, आणि दोरा हलका झाला. “सुटला,” ऐलीन म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. डोरो तसाच उभा राहिला. रिकामा चिमटा वर ओढायचा राहिला होता, तो फामनं येऊन ओढला.

दुपारी बोट परत फिरल्यावर डोरो कप्तानाच्या खोलीत गेला. “डेल, तुला माहीत होतं? सुईचं?” डेलनं सुकाणूवरून नजर काढली नाही. मानेवर खाजवलं. “कळलं होतं रे. दहाबारा वर्षं झाली असतील. आम्हा कप्तानांना खात्यानं बोलावून दाखवलं होतं सगळं. पण तोवर खोल बंदच होतं, उथळात मासा फुगत नाही, तुझी सुई टोपीतच. म्हटलं कशाला उगाच उकरून काढा. तू एवढा खुशीत असायचास.” डोरो म्हणाला, “सांगायचंस रे.” “सांगून काय झालं असतं? मेले ते मेले.” डेलनं मग त्याच्याकडे पाहिलं आणि जरा नरमला. “डोरो, अरे मासे ते. मनाला लावून घेऊ नकोस.” डोरो मान हलवून बाहेर आला. मागच्या बाजूला फळीवर मासे सोलले जात होते, वर समुद्रपक्ष्यांचा गोंधळ चालला होता. फामनं स्वतःच्या वाट्याची डोकी एका पिशवीत घालून डोरोला दिली. “तुमच्या त्या आंबट सारासाठी. माझी सून डोकं पाहिलं की किंचाळते.” डोरोनं पिशवी घेतली आणि पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की चार वाट्या सार करून आपण कुणाबरोबर खाणार.

साडेतीनला बोट धक्क्याला लागली. लोक गाड्यांकडे गेले, कुणी फोटो काढत राहिले, ऐलीननं जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोरो धक्क्यावरच्या बाकावर बसला. फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. तयार उत्तर अजून तिथंच होतं, अगदी गुळगुळीत, जिभेच्या टोकावर. पाठव, तुझं काय वाईट झालं? आणि त्याला कळलं की तिचं काय झालं हे त्याला ठाऊकच नाही. तो तिचा बाप होता आणि तिची ती चार वर्षं त्यानं फक्त “बरी आहे” एवढ्या दोन शब्दांत पाहिली होती. त्याला भीती वाटली, खरीखुरी, लहान मुलाला वाटते तशी.

“पापा? आलात का? मिळाले मासे?” लिगायाचा आवाज घाईचा होता, मागं कपाट उघडल्याचा आवाज आला. “मिळाले,” तो म्हणाला. “सांगा मग. सासूबाई उद्या सकाळीच निघतायत तिकडून. काय करू?”

“लिगाया,” तो म्हणाला, “क्लारिताकडे तू झोपायचीस कुठं?”

पलीकडं कपाट बंद झाल्याचा आवाज आला.

“हे काय मधेच?”

“मला माहीत नाही, म्हणून विचारतोय.”

“आत्याच्या शिवणाच्या खोलीत. गादी घालून.” मग म्हणाली, “खोली म्हणजे काय, जिन्याखालची जागा ती. तुम्ही नाताळला यायचात तेव्हा मला वर मुलींच्या खोलीत झोपवायचे.”

“तू बोलली नाहीस कधी.”

“तुम्ही फोनवर विचारायचात, जेवलीस का. जेवलेली असायचे मी.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग कधीच संपून गेला असावा. मग ती म्हणाली, “पापा, रविवारी दुपारी तुमच्याकडची बस यायची. दोन चाळीसची. मी चालत जायचे स्टँडवर. आत्याला सांगायचे, लायब्ररीत जाते. सगळी माणसं उतरेपर्यंत थांबायचे. मग घरी येऊन तुमचा फोन घ्यायचे.”

डोरोला विचारायचं नव्हतं, पण विचारल्यावाचून राहवेना. “किती दिवस?”

“पहिलं वर्षभर. तुम्ही वर्षभर म्हणाला होतात ना? मग सोडलं.”

धक्क्यावर कुणीतरी पाण्याच्या नळीनं बोट धूत होतं. डोरोनं टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याला रडू येत होतं आणि ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं तोंड फिरवलं, जसं काही ती समोरच बसली होती. “मला वाटलं तू सुखात आहेस,” तो म्हणाला. “मला तसंच वाटून घ्यायचं होतं.” मग त्यानं टोपी परत डोक्यावर घातली.

“टाला कुठाय?” त्यानं विचारलं.

“आत. बॅग भरून झाली तिची. रडली नाही, शहाणी आहे.”

“पाठवू नकोस तिला,” डोरो म्हणाला. “मी येतो. मला काय काम आहे इथं? ती शाळेतून येईल तेव्हा मी घरात असेन. भात करीन, बाकी तिला काय आवडतं ते शिकेन. आत्ता निघतो, सातपर्यंत पोचेन. तुला चालणार असेल तर. नसेल तर तसं सांग, मी काही म्हणणार नाही.”

लिगायानं लांब श्वास सोडलेला त्याला ऐकू आला. पलीकडं टालानं काहीतरी विचारलं आणि लिगाया तिला म्हणाली, काही नाही, आजोबा आहेत. मग दार लोटल्याचा आवाज झाला आणि लिगाया पुन्हा फोनवर आली, आता अगदी हळू बोलत.

“या,” ती म्हणाली. “पण मी तिला आत्ता काही सांगत नाही, पापा. बॅगही उघडत नाही. तुम्ही दारात दिसलात की उघडेन.”